गल्ला दुकानाचा, हप्ता घराचा

बँकेतील माझ्या नोकरीचा उत्तरार्ध कर्जविभागात गेला. त्या काळातील एक प्रसंग मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितला नव्हता. आमच्या शाखेचे एक खातेदार, धान्याचे व्यापारी, हृदयविकाराने अकस्मात गेले. दुःखाचे दिवस सरल्यावर त्यांच्या पत्नी थोरल्या मुलाला घेऊन शाखेत आल्या. मुदतठेवी आणि लॉकर यांवर वारसांची नावे लावून घ्यावीत, एवढेच काम घेऊन त्या आल्या होत्या. मी संगणकावर खाती पाहिली आणि सांगितले की दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यावर बावीस लाखांच्या आसपास येणे आहे आणि त्यासाठी राहते घर तारण आहे.

त्या म्हणाल्या, "साहेब, आपली काहीतरी चूक होते आहे. घराचे कर्ज केव्हाच फिटले. त्या दिवशी आम्ही मंदिरात प्रभावना केली होती."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. गृहकर्ज फिटले होतेच. परंतु ते फिटल्यावर वर्षभराच्या आतच तेच घर दुकानाच्या वाढीव कर्जमर्यादेसाठी पुन्हा गहाण पडले होते. मी दस्तऐवज काढून दाखवले. जामीनदार म्हणून त्यांचीच सही होती. बराच वेळ ती सही पाहून त्या म्हणाल्या, "सही माझीच आहे. पण हे कशाचे कागद, ते मला कोणी सांगितले नव्हते."

ती सही घेताना पेन्सिलीने फुल्या मारून 'इथे, इथे आणि इथे' असे दाखवणारा अधिकारी मीच होतो.

घरखर्चाचे अंदाजपत्रक आणि कर्जफेड या विषयावर लिहावे, असे संपादकांनी सुचवले तेव्हा मला प्रथम त्या सहीची आठवण झाली. या विषयावरील बहुतेक लिखाण पगारदारांसाठी असते. एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता, उरलेल्या रकमेत किराणा, शाळा, दूध, वीज. आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे व्यापारी आहेत आणि त्यांच्या घराचे गणित असे चालत नाही. आपल्याकडे गल्ला एक आणि त्यात हात चार. घरात किराणा संपला की दुकानातून येतो, मुलाची फी गल्ल्यातून जाते, पाहुण्यांचा आहेर गल्ल्यातून होतो आणि घराचा हप्ता ज्या खात्यात शिल्लक दिसेल त्या खात्यातून वळता होतो. वर्षअखेरीस कर सल्लागार ही सारी रक्कम 'मालकाची उचल' या एका ओळीत लिहितो. त्या ओळीत एक अख्खे घर बसलेले असते, पण घरातील कोणी ती ओळ वाचत नाही.

वाशीम जिल्ह्यात ही अडचण अधिक तीव्र आहे. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा, कोठेही जा, बाजाराची नाडी सोयाबीन, तूर आणि हरभरा यांवर चालते. आडत असो, कृषी सेवा केंद्र असो, कापडाचे वा भांड्यांचे दुकान असो, पैसा दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत वाहतो आणि मृगाच्या तोंडाशी आटतो. जून-जुलैत शेतकरी बी-बियाणे उधारीवर नेतो, त्याच महिन्यात शाळा-महाविद्यालयांची फी येते, पाठोपाठ चातुर्मास आणि पर्युषण. खर्चाचा महापूर आणि गल्ल्याचा दुष्काळ एकाच वेळी. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने एकाच आकाराचा.

शिवाय भावाचा लहरीपणा आहे. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला होता, हे कोणी विसरलेले नाही. त्यानंतरच्या काळात आपल्या भागात घरांची बांधकामे निघाली, चारचाकी आल्या. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेला हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याहूनही खाली विकला गेला. भाव अर्ध्यावर आला, हप्ता अर्ध्यावर आला नाही. पुढे दहा हजार पुन्हा दिसतील या आशेने ज्यांनी माल धरून ठेवला, त्यांनी गोदामभाडे व व्याज भरून कमी दराने विकला. तेजीच्या वर्षाचे उत्पन्न कायमचे मानणे, हीच आपल्या अंदाजपत्रकातील पहिली चूक.

मी व्यापारी मित्रांना एक साधी गोष्ट करायला सांगतो. मागील तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे काढा आणि निव्वळ नफ्याचे आकडे शेजारी शेजारी लिहा. समजा ते सहा, आठ आणि तेरा लाख आहेत. मनुष्यस्वभाव तेरा लाखांवर घर बांधतो. सरासरीने चालणारा नऊ लाख धरतो. घरखर्चासाठी सहा लाख धरावेत, असे माझे मत आहे. म्हणजे महिन्याला पन्नास हजार. हाच दुकानाने घराला द्यायचा पगार. तो दरमहा ठरावीक तारखेला दुकानाच्या खात्यातून घराच्या स्वतंत्र बचत खात्यात जावा आणि घराने त्यातच भागवावे. वीस लाखांच्या गृहकर्जाला ९ टक्के दराने वीस वर्षांसाठी सुमारे १७,९९५ रुपये हप्ता बसतो. तेरा लाखांच्या वर्षात तो नफ्याचा सहावा हिस्सा वाटतो, सहा लाखांच्या वर्षात एक तृतीयांशाहून जास्त होतो. उरलेल्या बत्तीस हजारांत एकत्र कुटुंब चालवता येईल का, हा प्रश्न कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी विचारायचा असतो, आणि तो घर चालवणाऱ्या बाईला विचारायचा असतो. तिला भाजीचा भाव बँकेपेक्षा आणि नवऱ्यापेक्षाही चांगला ठाऊक असतो.

चांगल्या वर्षातील जादा नफ्याचे काय करावे? दिवाळीत वहीपूजन झाले की प्रथम सहा महिन्यांचे हप्ते, वरील उदाहरणात सुमारे १ लाख ८ हजार रुपये, वेगळ्या खात्यात टाकून द्यावेत. आपल्या कोरडवाहू मुलखात विहिरीला पाणी असते तेव्हाच टाकी भरून ठेवतात. त्या खात्याचे एटीएम कार्ड दुकानात ठेवू नये, इतकेच पथ्य.

ही टाकी नसली की काय होते ते मी टेबलाच्या पलीकडून वर्षानुवर्षे पाहिले आहे. ऑगस्टमध्ये हप्त्याला पैसे नसतात. कॅश क्रेडिट खात्यात मर्यादा शिल्लक असते, म्हणून हप्ता तेथून वळवला जातो. ९ टक्क्यांचे कर्ज साडेदहा टक्क्यांच्या कर्जाने फेडले जाते आणि मालक समाधानाने म्हणतो की माझा एकही हप्ता चुकलेला नाही. वर्षभर असे चालले तर दोन लाखांच्या वर रक्कम दुकानाच्या खात्यात अडकते. ती मालात नसते, उधारीतही नसते, ती घराच्या भिंतीत गेलेली असते. कॅश क्रेडिटची उचलक्षमता मात्र माल आणि वसूल होण्याजोगी उधारी यांवर ठरते. मालाचा भाव पडला की उचलक्षमता घटते आणि बँक फरक भरा म्हणते. त्या दिवशी मालकाला कळते की गृहकर्ज फिटत होते तेवढेच दुसऱ्या नावाने वाढत होते.

आणि त्या दुसऱ्या कर्जालाही तारण बहुधा राहते घरच असते. सोसायटीतील सदनिकेच्या हप्त्याची आपण चिंता करतो, पण व्यापारी कुटुंबाचे छप्पर अधिक वेळा धोक्यात येते ते दुकानाच्या कर्जाने. गृहकर्जाला शेवट असतो. कॅश क्रेडिटचे दरवर्षी नूतनीकरण होते, ते फिटतच नाही, आणि म्हणून ते कर्ज आहे याचाच विसर पडतो. खाते अनुत्पादित ठरले तर २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, तारणाच्या ताब्याची कार्यवाही सुरू करू शकते. जामीनदाराची जबाबदारी तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार सामान्यतः मूळ कर्जदाराइतकीच असते. 'नुसती सही आहे' असे कायदा मानत नाही. माझ्या फुल्यांचा अर्थ त्या बाईंना मी त्याच दिवशी सांगायला हवा होता. पाच मिनिटे लागली असती. शाखेत गर्दी होती, एवढेच कारण माझ्यापाशी आहे.

आपल्या धर्मात या बाबतीत काही सांगितले आहे का, असे मला एका तरुण व्यापाऱ्याने विचारले होते. आहे, आणि ते बरेच व्यवहारी आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाण व्रताच्या अतिचारांचा विचार करताना क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे शेत आणि घर, यांची गणना प्रथम येते, मग सोने-चांदी, धन-धान्य वगैरे. मर्यादा घालायची तर आधी मोजावे लागते. आपल्या मालकीचे किती आणि त्यातील खरोखर आपले किती, हे ज्याला माहीत नाही, तो परिमाण कशाचे करणार? बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले. न्यायाने मिळवलेले धन हा त्यांतील आरंभीचा गुण आणि मिळकतीच्या मानाने खर्च हाही त्यांतच. याच परंपरेत मिळकतीचे चार भाग करण्याचा दंडक आहे. एक संचयासाठी, एक व्यापाराच्या भांडवलासाठी, एक धर्म आणि स्वतःच्या उपभोगासाठी, एक आश्रितांच्या पोषणासाठी. या चारांत बँकेचा हप्ता कोठे बसवायचा? वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून माझे उत्तर असे, की हप्त्यातील मुद्दल हा संचय आणि व्याज हा खर्च. वरील उदाहरणात पहिल्या वर्षी भरलेल्या सुमारे २ लाख १६ हजारांपैकी मुद्दलात ३७ हजारांच्या थोडे वर जातात. बाकी सारे पैशाचे भाडे. 'हप्ता म्हणजे बचतच' असे जे म्हटले जाते, ते पहिल्या काही वर्षांत तरी खरे नाही.

याच तिसऱ्या भागाविषयी थोडे अप्रिय लिहितो. पर्युषणात किंवा पंचकल्याणकाच्या वेळी भावनेच्या भरात बोली बोलली जाते. देणे पुण्याचेच आहे. पण बोललेली रक्कम ही देवाघरची उधारी असते आणि ती लवकरात लवकर चुकती करावी हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकवले आहे. ती चुकती करण्यासाठी कोणाकडून दोन रुपये शेकड्याने हातउसने घेतलेले मी पाहिले आहेत. लग्नाच्या खर्चाविषयी तर वेगळे लिहायलाच नको, सर्वांना ठाऊक आहे आणि सर्वजण करतात.

शेकड्याचा हिशेब निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट करतो. बाजारात 'दीड रुपया शेकडा' हे ऐकायला 'नऊ टक्क्यां'पेक्षा सोपे वाटते. पण दीड रुपया हा दरमहाचा आहे. वर्षाला तो १८ टक्के होतो आणि दोन रुपये शेकडा म्हणजे २४. क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवली तर साडेतीन टक्के महिना, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, असे दर लागल्याची विवरणे मी वाचली आहेत. तरीही आपली माणसे ओळखीच्या पेढीची रक्कम वर्षानुवर्षे फिरवतात आणि हाती पैसा आला की गृहकर्जात भरतात, कारण घराचे कर्ज डोळ्यांना खुपते. क्रम उलटा हवा. आधी कार्ड, मग हातउसने, मग वैयक्तिक कर्ज, नंतर दुकानाचे, आणि गृहकर्ज सर्वांत शेवटी. ज्याचा व्याजदर अधिक ते आधी फेडावे. लहान कर्ज आधी फेडून मनाला उभारी येते असेही काही जण सांगतात. उभारीचे मोल मी नाकारत नाही, पण व्यापाऱ्याला उभारी हिशेबातून यावी.

महाग कर्जे संपली आणि सहा हप्त्यांची टाकी भरली, की मग गृहकर्जाकडे वळावे. वीस लाखांच्या त्याच कर्जात दरवर्षी हंगामानंतर पन्नास हजार जादा भरले, तर वीस वर्षांचे कर्ज तेरा वर्षांच्या आत फिटते आणि सुमारे नऊ लाखांचे व्याज वाचते. दर बदलणाऱ्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच तो बंद केला. पैसे भरताना 'हप्ता कायम ठेवून मुदत कमी करा' असे लेखी द्यावे. काहीजण कर वाचतो म्हणून कर्ज ठेवतात. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या गृहकर्ज-व्याजाची वजावट मिळत नाही, तेव्हा तेही कारण आता बहुतेकांपाशी उरलेले नाही.

व्याजदराच्या बदलाकडेही लक्ष असावे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांनी वीस लाखांचे कर्ज घेतलेल्याचा हप्ता १५,२०७ रुपये होता. दोन वर्षे हप्ते भरून झाल्यावर दर एकदम सव्वानऊ झाला असे मानले, तर महिन्याचे व्याजच १४,६०० च्या वर जाते. हप्ता तोच ठेवला तर उरलेले कर्ज फिटायला आणखी पस्तीस वर्षे लागतील. कर्जदाराला वाटते काहीच बदलले नाही, कारण हप्ता बदललेला नसतो. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय ग्राहकाला द्यावा. २०२५ मध्ये रेपो दर पुन्हा खाली आला. तेव्हा शाखेत जाऊन आपली उरलेली मुदत किती महिन्यांची आहे, हे एकदा विचारून यावे. प्रश्न साधा आहे, पण नोकरीत असताना मला तो फार थोड्यांनी विचारला.

आता पुन्हा घराकडे. माझी सूचना एका वहीची आहे. दुकानाची रोजमेळ, खतावणी जशी असते, तशी घराची एक वही असावी आणि तिच्या पहिल्या पानावर कुटुंबाच्या डोक्यावरील प्रत्येक देणे लिहिलेले असावे. कोणाचे, किती, कोणत्या दराने, तारण काय, जामीनदार कोण, त्यावर विमा आहे का. देण्याच्या रकमेइतका तरी मुदतीचा विमा कर्त्याचा असावा. व्यापारी सोन्यात आणि प्लॉटमध्ये पैसे टाकतो, विम्याच्या हप्त्याला मात्र पैसे वाया जातात म्हणतो. ते पान पत्नीने, थोरल्या मुलाने आणि सुनेने वाचलेले असावे. 'बायकांना कशाला काळजी' हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकले आहे, आणि ते बहुधा प्रेमानेच म्हटलेले असते. पण काळजी टळत नाही, ती केवळ पुढे ढकलली जाते, आणि नेमकी त्या दिवशी येते ज्या दिवशी समजावून सांगणारा माणूस घरात नसतो.

कर्ज फिटल्यावरचे कामही याच वहीत नोंदवावे, कारण तेथेच बहुतेकांचा हात ढिला पडतो. नादेय प्रमाणपत्र घ्यावे. मूळ खरेदीखत आणि इतर कागद परत घेताना यादीशी ताडून पाहावेत. १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत कागद परत करणे आणि नोंदलेला बोजा उतरवणे बँकांवर बंधनकारक आहे. त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. सातबारावर किंवा मालमत्ता पत्रकावर बोजा चढलेला असेल तर तो कमी झाल्याचा नवा उतारा काढून पाहावा. नोंदणीकृत गहाणखत असेल तर त्याचा मुक्तिलेख नोंदवून घ्यावा. कागद परत आल्यावर तेच घर पुन्हा दुकानासाठी द्यायचे झाले, तर द्यावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र घरातील सर्वांनी बसून ठरवावे.

त्या बाईंचे घर राहिले. मुलांनी गोदामातील माल विकला, शहराबाहेरचा एक भूखंड काढला, उधारी वसूल करायला दोन हंगाम पायपीट केली आणि खाते बंद केले. कागद न्यायला त्या स्वतः आल्या होत्या. मुलगा पोचपावतीवर सही करायला पुढे झाला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवले, चष्मा लावला आणि यादीतील एकेक ओळ वाचत माझ्यासमोर कागद मोजले. चौदा होते. एका झेरॉक्सवर शिक्का दिसत नाही म्हणून त्यांनी मूळ प्रत मागितली. ती कपाटात दुसऱ्या पाकिटात होती. मी ती शोधून आणेपर्यंत त्या बसून राहिल्या आणि मग सही केली.